निष्पर्ण वसंताची ओळख

वर्षप्रतिपदेच्या सकाळी, गुढी उभारून होताच, कडुनिंबाची कोवळी तांबूस पाने आणि त्यांच्यासोबत खुडून आलेला इवलासा पांढरा मोहोर गूळ, जिरे, ओवा, मीठ, हिंग व चिंच यांच्याबरोबर वाटून त्याची सुपारीएवढी गोळी घरातल्या लहानथोरांच्या तळहातावर ठेवण्याची चाल महाराष्ट्रात आजही पुष्कळ घरी पाळली जाते. तिचा अर्थ सांगणारे लोक आरोग्याचा किंवा आयुष्यातील कडूगोडाचा दाखला देतात, आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही; मात्र या चालीतील जी गोष्ट मला बालपणापासून मोहवीत आली ती फार साधी आहे. नव्या वर्षाचा हा पहिला घास कोठारातून काढलेला नसतो की बाजारातून आणलेला नसतो. त्यासाठी कोणीतरी पहाटे उठून, एका ओळखीच्या झाडापाशी चालत जाऊन, त्याच्या फांदीला हात घालावा लागतो. आमच्या घरी हे काम माझ्याकडे असे. वेशीबाहेर ओढ्याच्या काठी उभ्या असलेल्या निंबाकडे आजी मला पाठवी आणि पाठवताना न चुकता बजावी, "शेंड्याला हात लावू नकोस रे, आडव्या फांदीची खुड, आणि मोहोर सगळा ओरबाडू नकोस, निंबोळ्या कशाला लागतील मग?" वनस्पतींचा पहिला पाठ मला असा मिळाला. त्यात चालणे होते, चव होती आणि पाहणेही होते. कारण शेंडा कोणता आणि आडवी फांदी कोणती हे ठरविण्यासाठी झाडाकडे आधी नीट पाहावेच लागते.

माघाच्या अखेरीपासून वैशाखाच्या अखेरीपर्यंत, दरवर्षीच्या या तीन महिन्यांत सह्याद्रीच्या कुशीत केलेल्या रानफेऱ्यांमधून हे पुस्तक हळूहळू जमत गेले. कर्जत, मुरबाड, शहापूर व जव्हार या बाजूंचे उतार, जुन्नरकडील घाटमाथा आणि महाबळेश्वरचे पठार एवढाच याचा मुलूख आहे. विदर्भातील रानांविषयी जे थोडे आले आहे ते तेथील मित्रांच्या सोबतीने पाहिलेले. वनस्पतिशास्त्राचे रीतसर शिक्षण ज्यांना मिळालेले नाही, परंतु रस्त्याने जाताना एखाद्या फुललेल्या झाडाखाली ज्यांचे पाऊल आपोआप मंदावते, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. पाय, जीभ आणि हात या तिहींच्या साह्याने झाडाची ओळख करून घ्यावी, म्हणजे त्याच्याकडे चालत जावे, जे खाण्याजोगे असेल ते जाणत्याच्या देखरेखीखाली चाखावे, आणि मग शेजारी बसून त्याचे चित्र काढावे, हा यातील क्रम; आणि या तिहींपैकी एकही गाळले तर ओळख अपुरी राहते, हे माझे अनुभवांती झालेले मत.

आपल्या वसंताविषयी प्रथम थोडा खुलासा करायला हवा, कारण पुस्तकांतून मनावर ठसलेला वसंत आणि आपल्या डोंगरांतला वसंत यांच्यात मोठे अंतर आहे. थंड मुलखांत बर्फ वितळते, जमिनीतून हिरवे कोंब वर येतात आणि त्या हिरवळीलाच लोक वसंत म्हणतात. सह्याद्रीच्या पानझडी रानात फाल्गुनात जाऊन पाहावे तर गवत वाळून पिवळे झालेले, ओढ्यांचे दगड उघडे पडलेले, पायाखाली सागाची वाळकी पाने पापडासारखी मोडत असलेली, आणि अशा त्या करड्या, तहानलेल्या पसाऱ्यात एकही पान अंगावर नसलेला पळस नखशिखांत पेटून उठलेला! त्याच्या फुलाची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते, म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, 'हा पोपट तर नव्हे?' असा तो प्रश्नच नाव होऊन बसला आहे. पळसाच्या आगेमागे काटेसावर फुलते; तिची जाड, मांसल, लाल फुले झाडावरून गळतात तेव्हा जमिनीवर ठप्प असा आवाज होतो आणि ती खायला भेकरे झाडाखाली येतात. पांगारा, शिवण, पिवळ्याधमक फुलांची गणेर, पांढऱ्या सुगंधी घंटांचा वारस, ही सगळी मंडळी पाने उतरवून ठेवून फुलांना पुढे करणारी. आणि जेथे पालवी फुटते तेथेही ती हिरवी नसते: कुसुंबाची नवी पालवी इतकी लाल असते की लांबून पाहणारा तिला फुलेच समजतो, आणि पिंपळाची तांब्याच्या पत्र्यासारखी झळकते.

असे का घडते, याचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. पावसाळ्यानंतर जमिनीतील ओल आटू लागली की, पानांवाटे होणारा पाण्याचा खर्च झाडाला परवडेनासा होतो, आणि ते पाने टाकून देते. परंतु खोडात व मुळांत साठविलेल्या शिलकीवर ते फुलू शकते. पानांचा आडोसा नसल्यामुळे फुले पाखरांना दुरून दिसतात, आणि शिंजीर, बुलबुल, मैना, कोतवाल यांची पळसावर जी झुंबड उडते ती या उघडेपणामुळेच. फुलांमागून शेंगा, शेंगांमागून बिया, आणि त्या वैशाख-ज्येष्ठाच्या वाऱ्यावर उडून मृगाच्या सरींपूर्वी जमिनीवर जाऊन पडलेल्या असाव्यात, असे हे वेळापत्रक आहे. ज्याला आपण उन्हाळ्याची सुरुवात म्हणून कंटाळून तोंड फिरवतो, तो काळ रानाच्या दृष्टीने पेरणीपूर्व तयारीचा, अत्यंत धावपळीचा असतो.

या निष्पर्ण फुलण्यामुळे वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांपुढे एक अडचण फार पूर्वीपासून उभी राहिली आहे, आणि या पुस्तकाची सारी मांडणीच मी त्या अडचणीवर बेतली आहे. झाडाचा नमुना वाळवून कागदावर डकवायचा तर त्यावर फूल हवे, पान हवे, जमल्यास फळही हवे. पण पळसाचे, सावरीचे, वारसाचे फूल आणि पूर्ण वाढलेले पान एका दिवशी एका फांदीवर भेटत नाही. म्हणून संग्राहकाला त्या झाडावर खूण करून, वर्षातून दुसऱ्यांदा, कित्येकदा तिसऱ्यांदाही, तेथेच परत जावे लागते. १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, किंवा फादर ब्लाटर यांच्या नावाने आज ओळखला जाणारा जो वनस्पतिसंग्रह मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ साली सुरू झाला, त्यांच्यामागे अशा फिरून फिरून केलेल्या वाटचालींचे केवढे मोठे भांडवल आहे, याची कल्पना एकाच झाडाकडे दोनदा जाऊन पाहिल्याखेरीज येत नाही. फाल्गुनात ज्याची ओळख झाली त्या झाडाकडे आषाढात गेलो आणि ते मला ओळखूच आले नाही, असे प्रारंभीच्या वर्षांत अनेकदा घडले. फूल गेले होते, त्याच्या जागी पानांचा घनदाट संसार उभा होता, आणि मला ठाऊक होते ते केवळ त्याचे एका पंधरवड्याचे रूप.

खाण्याच्या बाबतीत हा भेद आणखी स्पष्ट होतो. रानभाजी म्हटले की आपल्याला श्रावण आठवतो: टाकळा, कुर्डू, शेवळ, भारंगी, फोडशी, अलीकडे शहरांतून भरणारी रानभाज्यांची प्रदर्शनेही त्या दिवसांतलीच. ती भाजी प्रामुख्याने पानांची, कोवळ्या कोंबांची. वसंतातले रान ज्या वस्तू देते त्या निराळ्या. कळ्या, फुले, कोवळ्या शेंगा आणि आंबट फळे. सावरीच्या न उमललेल्या कळ्यांची भाजी होते. कांचनाच्या कळ्या उकडून, पिळून परततात. कुड्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी चवीला किंचित कडसर असते, आणि पोटाला हितावह म्हणून कोकणात व रायगड-ठाण्याच्या डोंगरपट्टीत ती वर्षातून एकदा तरी खावी असा जुन्या बायकांचा आग्रह असतो. फुलांच्या मागून येणाऱ्या त्याच्या जोडशेंगाही कोवळ्या असताना चालतात. बहाव्याच्या पिवळ्या घोसांकडे पाहून त्यांची भाजी करण्याचा विचार शहरातल्या माणसाच्या मनात येणार नाही, पण ती करतात. चिंचेची कोवळी पालवी आमटीला आंबटपणा देते. हिरवी भोकरे फोडून, आतल्या चिकट बी-गराचा बंदोबस्त मिठाने करून, कैरीच्या जोडीने त्यांचे लोणचे घालतात. आणि मग चैत्र सरता सरता करवंदे येतात: प्रथम हिरवी, चटणीची व लोणच्याची, देठ तोडताच पांढऱ्या चिकाने बोटे चिकट करणारी, पुढे काळी, पानांच्या द्रोणांत भरून डोंगराकाठच्या रस्त्यांवर विकायला येणारी. तोरणाची पांढुरकी फळे आणि आळवाची गोडसर फळेही याच सुमारास. पण ती गावाच्या बाजारापर्यंत फारशी पोचत नाहीत, ज्याच्या पायांत बळ असेल त्यालाच ती मिळतात. धायटीच्या लालबुंद नळीसारख्या फुलांतला मध चोखणारी गुराखी पोरे मी घाटात पुष्कळ पाहिली आहेत, आणि आसवे व अरिष्टे आंबविण्यासाठी वैद्य जी धातकीपुष्पे घालतात ती हीच, हे त्या पोरांपैकी एकाला सांगितले तेव्हा त्याला झालेला आनंद मला अजून आठवतो.

या सगळ्यांत मोहाविषयी अधिक विस्ताराने लिहिल्यावाचून मला राहवत नाही. चैत्राच्या आसपास, पाने गळलेल्या मोहाच्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी लवदार कळ्यांचे झुपके येतात, रात्री फुले उमलतात, वटवाघळे त्यांवर झेपावतात, आणि पहाटेपासून ती फिकट पिवळसर, मांसल, साखरेने ओथंबलेली फुले टपटप खाली पडू लागतात. ती झाडावरून कोणी तोडीत नाही. झाड आपण होऊन देते तेवढीच घ्यायची. जव्हारच्या बाजूला एका पाड्यावर मुक्कामाला असताना घरच्या आजींनी मला आदल्या रात्री सांगितले, "पहिल्या कोंबड्याला उठावं लागंल. ऊन चढलं का फूल नासतं, आन् गुरं बी खात्यात." त्याप्रमाणे अंधारातच निघालो. झाडाखाली पोचलो तेव्हा त्यांची सून व दोन नाती आधीच वेचू लागल्या होत्या. कोणी बोलत नव्हते, फक्त फुले पडण्याचा बारीक आवाज आणि टोपलीत ती पडण्याचा त्याहून थोडा मोठा आवाज, असे दोनच आवाज त्या रानात होते. आंबूस-गोड असा त्यांचा दरवळ प्रथम जड वाटतो, मग त्याची सवय होते, आणि घरी परतल्यावर कपड्यांना तो आठवडाभर राहतो. उन्हात वाळवलेली फुले मनुकांसारखी तांबूस होतात. ती भाजून नुसती खातात, पिठात मळून भाकरी करतात, तिळाबरोबर कुटून लाडू वळतात. धान्याच्या कणग्या रिकाम्या होत आलेल्या असतात आणि नवे पीक अजून सहा महिने दूर असते, अशा वेळी हे फूल घरात येते. त्याच्या गोडव्याचे मोल समजायला हा संदर्भ ध्यानी धरावा लागतो.

आणि नेमक्या या फुलासाठी आपल्या मुलखात एक स्वतंत्र कायदा झाला होता. मोहाच्या फुलांपासून दारू गाळली जाते, ती परवान्याबाहेर गाळली गेली की आबकारीचे उत्पन्न बुडते, या विवंचनेतून १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांसंबंधी कायदा केला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत ती फुले बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध घातले. ज्या वस्तूवर उन्हाळ्याचे दोन महिने लोकांचा निर्वाह चालावा ती मामलेदाराच्या दप्तरात महसुलाच्या गळतीचे कलम म्हणून नोंदली गेली. हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा मला जो विषाद वाटला तो आजही कमी झालेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना मान्य केला, आणि ती फार मोठी भरपाई आहे. तरी जुन्या बंदीच्या धाकाने अपरिचित माणसासमोर मोहाची टोपली झाकून घेणारे हात मी पाहिले आहेत. रानफेरीला जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. ज्या झाडाखाली आपण कौतुकाने उभे राहतो त्यावर कोणाची तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते, आणि मोहाच्या बाबतीत तर अमुक झाड अमुक घराचे हे सगळ्या पाड्याला तोंडपाठ असते. विचारल्यावाचून मूठभर फुलेही उचलू नयेत. एक दुसरी गोष्टही येथेच सांगतो, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल: फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि तीतून वणवे लागतात. त्या आजींच्या घरी जुनी लुगडी जोडून झाडाखाली अंथरली जात. त्यामुळे फुलांना माती लागत नाही आणि आगही लागत नाही. ही युक्ती जितक्या पाड्यांपर्यंत पोचेल तितके बरे.

औषधी उपयोगांची यादी या पुस्तकात वाचकाला मिळणार नाही, आणि तिचा अभाव मी बुद्धिपुरस्सर ठेवला आहे. इंद्रजव म्हणजे कुड्याचे बी, आणि कुड्याची साल अतिसारावर वैद्य देतात, एवढे मी लिहीन. ती किती द्यावी, कोणाला द्यावी हे लिहिणार नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात या बाबतीत अतिशय समंजस विवेचन आहे. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी यांना औषधी वनस्पती नावाने व रूपाने ठाऊक असतात, असे तेथे आदराने मान्य केले आहे. आणि केवळ नावरूपाच्या ज्ञानाने त्यांचा योग्य उपयोग कळत नाही, तो कळायला निराळी साधना लागते, हेही लगेच पुढे सांगितले आहे. माझी पात्रता नावरूपाची. तीही अजून पुरी झालेली नाही. बौद्ध विनयग्रंथात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेच्या आचार्याने त्याला कुदळ घेऊन सभोवारच्या योजनभर प्रदेशात औषध नसलेली एखादी वनस्पती शोधून आणायला पाठविले आणि तो रिकाम्या हाती परत आला. ही कथा बहुधा औषधांचे माहात्म्य सांगण्यासाठी वापरली जाते. मला तिच्यातला तो फेरा मोलाचा वाटतो: एक तरुण मनुष्य योजनभर भूमीतील एकेका रोपट्यापुढे थांबून ते निरखीत हिंडला होता, आणि अध्ययन संपल्याची खूण म्हणून त्याच्या गुरूने हे हिंडणेच ग्राह्य धरले.

असाच एक मोठा फेरा आपल्या किनाऱ्याच्या माणसांनी सतराव्या शतकात घातला. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला आणि ज्याचे खंड १६७८ पासून आम्स्टरडॅमला छापले गेले, त्यासाठी केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी श्रम केले. पहिल्या खंडात त्या तिघांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत व नागरी लिपीत आहे, आणि ते २० एप्रिल १६७५ चे, म्हणजे ऐन वसंतातले आहे. परदेशी छापखान्यात, रोमी अक्षरांच्या गर्दीत उतरलेली ती नागरी अक्षरे पाहताना, आपल्या बाजूची माणसे त्या कामात नुसती वाटाडी म्हणून नव्हती, जाणकार म्हणून स्वाक्षरीनिशी होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

चाखण्याविषयी जे लिहिले त्याला एक कडक मर्यादा घालतो. मी नऊ वर्षांचा असताना शाळेमागच्या कुंपणात मोगली एरंडाची झाडे होती, आणि त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात असे एका मोठ्या मुलाने सांगितल्यावरून आम्ही चौघांनी त्या फोडून खाल्ल्या. चव खरोखर चांगली होती. तासाभरात वांत्या व जुलाब सुरू झाले, आणि ती रात्र आम्ही चौघांनी आणि आमच्या आयांनी कशी काढली ते सांगवत नाही. तेव्हापासून चव चांगली असणे हा खाद्य असण्याचा पुरावा नव्हे हे माझ्या मनावर कोरले गेले. जनावर खाते म्हणून आपण खावे, हाही भरवसा खोटा आहे. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, गुंज ही विषारी झाडे देखणी आहेत. फाल्गुनात फिकट गुलाबी फुलांनी रस्त्याच्या कडा सजविणारे गिरिपुष्प पाहून नवखी माणसे हरखून जातात, आणि त्याचे दुसरे मराठी नाव उंदीरमारी का पडले हे त्यांना ठाऊक नसते. पुस्तक वाचून, किंवा फोनवर कोणी पाठविलेले छायाचित्र ताडून, रानातली वस्तू कधीही तोंडात घालू नये. जो माणूस ती वस्तू स्वतःच्या घरी शिजवून मुलाबाळांना वाढतो त्याने दाखवावी, आपण ती त्याच्यादेखत खुडावी, आणि पहिल्या वेळी त्याच्याच चुलीवरची खावी.

आता चित्रांविषयी. चैत्रात अंगणात, तुळशीपाशी, बायका जे चैत्रांगण काढतात त्यात झोपाळ्यातल्या गौरीबरोबर सूर्य, चंद्र, कासव, नाग, गोपद्मे, कमळ, आंब्याचे झाड अशी कितीतरी चिन्हे असतात. सबंध वसंत चार हात जमिनीवर आणून बसविण्याचा तो यत्न असतो, आणि रोज सकाळी तो पुसून नव्याने काढला जातो. वारली घरांच्या भिंतीवर लग्नातला चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात, आणि त्यांच्या भाषेत तो 'लिहिणे'च असते. त्यांच्या चित्रांतली माणसे दोन त्रिकोणांत आटोपलेली असली तरी झाडे तशी आटोपलेली नसतात, पानापानाची रेघ निराळी, फांदीफांदीचा झोक निराळा. पुढे हीच कला कागदावर आणून ज्यांनी जगभर नेली त्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत झाडाखाली उभे राहून वर पाहिल्याचा भास होतो. या दोन परंपरा आपल्या घरच्या आहेत. वनस्पती जशी आहे तशी, पाकळ्या व केसर मोजून रंगविण्याची तिसरी परंपरा परक्या अंमलाबरोबर आली, आणि तिच्यातले एक प्रकरण माझ्या मनात घर करून राहिले आहे.

पुण्याजवळ दापोडीला, त्या वेळच्या कागदपत्रांत जिचा उल्लेख दापुरी असा येतो तेथे, सरकारी वनस्पतिउद्यान होते आणि डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक तेच. १८४७ ते १८५० या वर्षांत त्यांनी त्या बागेतील व आसपासच्या वनस्पतींची शंभराहून अधिक रंगीत चित्रे एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून काढवून घेतली. ही चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात सुरक्षित आहेत, त्यांवर विद्वानांनी ग्रंथ लिहिला आहे, गिब्सनसाहेबांचे चरित्र ज्ञात आहे. चित्रकाराचे नाव मात्र कोणत्याही दस्तऐवजात उतरलेले नाही. कोणत्या झाडाखाली बसून त्याने तो देठाचा बाक टिपला असेल, कोमेजत चाललेल्या फुलाशी त्याची कशी शर्यत लागली असेल, हे मी माझ्या ओबडधोबड चित्रांच्या वेळी पुष्कळदा मनात आणतो. खुडलेला पळस सावलीत ठेवला तरी तासाभरात त्याचा भगवा मंदावतो. म्हणून फूल खाली पडलेले घ्यावे, आधी रंग लावून घ्यावा आणि रेषा मागाहून काढावी, हा उलटा क्रम मला अनेक कागद वाया घालविल्यावर सापडला. रंगही पळसाचाच वापरून पाहावा. वाळवलेली फुले पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग उतरतो, चिमूटभर चुन्याने तो आणखी गडद होतो. रंगपंचमीला पूर्वी घरोघर हाच होत असे. चित्र चांगले येते की नाही याची फिकीर करू नये. अंजनीच्या फांदीला बिलगून असलेले निळे-जांभळे झुपके महाबळेश्वरला मी कित्येक वर्षे पाहत आलो होतो, पण ती फुले देठांच्या टोकाला नसून फांदीच्या अंगावर, पाने जेथून फुटतात त्या पेरांपाशी लगडतात, हे चित्र काढायला बसलो त्या दिवशी प्रथम माझ्या ध्यानी आले.

रानात निघताना फार सामान लागत नाही: पाण्याची बाटली, टोपी, जुन्या वर्तमानपत्रांची घडी, शिसपेन्सिल, वही, आणि काटे अंगावर घेतील असे कपडे. सकाळी सातच्या आत झाडापाशी असावे व दहाच्या आत सावलीत परतावे. एका फेरीत दोन झाडे पुरेत. उक्षीच्या वेलात पाणी असते, जाड वेल तोडून धरला तर ते ठिबकते, आणि तहानेने व्याकुळ झालेल्या गुराख्याला ते जीवदान देते; म्हणून केवळ गंमत पाहण्यासाठी तो वेल कोणी तोडू नये. देवराईत तर काहीच खुडू नये, पडलेले फूलही तेथील रीत विचारूनच उचलावे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासचे डोंगर बोडके झालेले असतानाही या राया उभ्या असलेल्या दिसल्या त्या 'येथे कोयती लागायची नाही' या एका निर्बंधावर.

या पुस्तकातील चित्रे पाहताना वाचकाला पानोपानी एक उणीव दिसेल, तिचा खुलासा करून थांबतो. प्रत्येक झाडासाठी समोरासमोरची दोन पाने राखली आहेत. डावीकडे वसंतातले रूप आणि उजवीकडे पावसाळ्यातले. वारसाची पांढरी घंटाफुले मी भीमाशंकरच्या वाटेवर फाल्गुनात काढली, शेजारच्या दुभंगलेल्या खडकाची खूण वहीत टिपून ठेवली, आणि पुढल्या आषाढात भर पावसात, छत्री एका सोबत्याच्या हाती देऊन, त्याचे पान काढले; त्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात पाण्याचा जो ओघळ दिसतो तो पावसाचा आहे, तो मी पुसलेला नाही. सावर, पळस, पांगारा, शिवण, कुसुंब यांची दोन्ही पाने भरली आहेत. गणेरीचे उजवे पान कोरे आहे. ती मुरबाडच्या बाजूला एका कड्याच्या काठावर उभी आहे, आणि पावसाळ्यात तेथे जाण्याची वाट ओढ्याने अडते. सलग दोन वर्षे मी त्या ओढ्यापासून परत फिरलो. यंदा नवरात्रानंतर, पाणी उतरल्यावर आणि पाने गळायच्या आत, पुन्हा निघायचे आहे.